अल्लीपूरचा अधिकृत निरोगी माणूस

अल्लीपूरच्या गोमाजींना सत्तरी उलटली तरी कोणताही आजार नव्हता. यात त्यांचा काही दोष नव्हता. पहाटे उठून ते पायी वावरात जात, भूक लागली की शेताच्या धुऱ्यावर बसून भाकर आणि अंबाडीची भाजी खात, आणि दिवस बुडाला की घोंगडीवर आडवे होत. गावच्या दवाखान्याची पायरी ते एकदाच चढले होते, तीही दवाखाना बांधला जात असताना, विटा पोचवायला.

सरकारच्या हे लक्षात येईपर्यंत सगळे ठीक होते.

एकोणीसशे पंचावन्न सालच्या हिवाळ्यात ग्राम-आरोग्य प्रसाराची एक योजना आली. उतारवयातले आजार टाळण्याच्या सवयी खेड्यापाड्यांत रुजवाव्यात आणि त्यासाठी प्रत्येक विकासखंडाने एक ‘आदर्श निरोगी वृद्ध’ नेमावा, असा आदेश होता. योजनेचे संघटक प्रभाकरराव हिंगणघाटहून जीपने आले. चाळिशीतच त्यांना पित्त, दमा आणि गुडघेदुखी असल्याने आरोग्य हा विषय त्यांच्याकडे असणे रास्तच होते. सरपंच वासुदेवराव, ज्यांचे किराण्याचे दुकान मुख्यतः बिड्यांवर चाले, त्यांनी गोमाजींना ओट्यावर आणून बसवले.

“बाबा, तुमच्या आरोग्याचं रहस्य सांगा,” प्रभाकरराव म्हणाले.

“रहस्य काई नाई, साहेब. वावरात जातो.”

“आणि?”

“आणि वापस येतो.”

एवढ्यावर पुस्तिका निघत नव्हती. म्हणून प्रभाकररावांनी गोमाजींचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. त्या दिवशी गोमाजींनी ज्वारीचा कडबा बांधला होता आणि अंगाला सपाटून खाज सुटली होती. घरी येता येता त्यांनी कडुनिंबाच्या खोडाला पाठ लावून चांगली खसाखसा घासून घेतली. पुस्तिका निघाली तेव्हा चौथी सवय होती ‘वृक्षघर्षण’. पाठीच्या कण्यातील शिथिल रक्त त्याने प्रवाहित होते, असा खुलासाही होता. आठवड्याभरात पंचायतीपुढच्या निंबाला मोकळीक मिळेना. सकाळची वेळ प्रतिष्ठितांसाठी राखून ठेवावी लागली.

नेमणूक झाल्यावर पहिली अडचण अशी आली की, आदर्श वृद्ध बघायला पाहुणे येत आणि आदर्श वृद्ध वावरात असत. प्रभाकररावांनी ही गैरहजेरी गंभीरपणे घेतली. “बाबा, तुमचं आरोग्य आता तुमच्या एकट्याचं राहिलेलं नाही,” असे सांगून त्यांनी पंचायतीची हातांची खुर्ची गोमाजींच्या ओट्यावर आणून ठेवली. वावराकडे पुतण्या जाऊ लागला. गोमाजी खुर्चीत बसून चालण्याचे फायदे सांगू लागले.

दुसरी अडचण चहाची. आलेल्या पाहुण्याला चहा द्यायचा आणि आपण नुसते बघत बसायचे, ही रीत अल्लीपुरात नव्हती. एका पथकाला एक कप, असे करत दुपारपर्यंत गोमाजींच्या पोटात पाणंदीतल्या डबक्यासारखा चहा साचे. कोणी पेढे आणत, कोणी खव्याची पोळी. “बाबांनी आमचा घास नाकारला,” असे एका भजनी मंडळाने गावभर केल्यापासून त्यांनी नाही म्हणायचेही सोडले. मिताहारावरचा त्यांचा उपदेश तोंडात घास असल्यामुळे नीट ऐकू येत नसे, पण पाहुणे समाधानाने मान हलवत.

मग दौरे सुरू झाले. जीप दारात येई. चालण्याच्या महत्त्वावर वेळेवर बोलायचे तर चालत जाऊन भागणार नव्हते. दिवस बुडताच झोपावे, या विषयावरची सभा पाहुणे उशिरा आल्यामुळे कंदील लावून सुरू होई आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत निम्मे गाव सतरंजीवर झोपलेले असे. विषय लोकांपर्यंत पोचला, अशी नोंद प्रभाकरराव घेत.

वर्ष व्हायच्या आत गोमाजींचे गुडघे कुरकुरू लागले, धोतर पोटावर राहीना, आणि ओटा चढताना धाप लागू लागली. एका सकाळी भागाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिले.

“अवो, तुमी सुजून राह्यले.”

“हा मान हाये वो.”

“मानानं पाय सुजत नसते. दवाखान्यात जा.”

दवाखान्यात शिरताच समोर भिंतीवर गोमाजींचेच चित्र होते, वावरात ताठ उभे. डॉक्टरांनी एकदा चित्राकडे पाहिले, एकदा माणसाकडे, आणि उठून दार लोटले.

“तुम्ही इथं काऊन आले?”

“पाय दुखते. दम लागते.”

“बाबा, बाहेर बाकावर लोक बसले आहेत. तुम्हालाच दवा दिली तर त्यांनी कोणाकडं पाहावं?”

“माह्याकडं पाहू नये, असंच म्हणतो मी.”

डॉक्टर भला माणूस होता. त्याने गोमाजींना आजारी ठरवले नाही, पण मागच्या दाराने जाऊ दिले.

आता गोमाजींना एकच गोष्ट हवी होती. हे पद सुटावे आणि पहाटे वावरात जाता यावे, गुडघे पुरते जायच्या आत. त्यांनी प्रभाकररावांपाशी राजीनामा मागितला. प्रभाकररावांनी सहानुभूतीने ऐकले, कारण त्यांचेही गुडघे दुखत होते. पण छप्पनचा नोव्हेंबर उजाडला होता आणि वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. ज्या साहेबांच्या सहीने गोमाजी निरोगी झाले होते, ते साहेब भोपाळला गेले.

“नेमणूक त्यांनी केली, तेव्हा काढणार तेच,” प्रभाकरराव म्हणाले. “आणि आता ते परराज्यात.”

“मंग मुंबईले विचारा.”

“विचारलं. ते म्हणतात, असं पद आमच्याकडं नाहीच. नसलेलं पद काढता येत नाही.”

“मंग मी दुखणाईत पडू कसा?”

“तेवढं मात्र करू नका. मार्चमध्ये तपासणी आहे.”

गोमाजी घरी येऊन खुर्चीत बसले. आता ते उभे राहायचेही टाळत. भागाबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाल्या, “तपासणीच्या सभेत बिडी पेटवा.”

“मी कधी वढली नाई.”

“म्हणूनच म्हणून राह्यले. साहेबापुढं आदर्श माणूस धूर काढते म्हनल्यावर ठेवतीन का तुमाले? हाकलतीन. मंग चाला वावरात.”

गोमाजींना हे पटले. गेल्या वर्षभरात कोणी त्यांना सांगितलेली ही पहिली सरळ गोष्ट होती.

मार्चच्या सभेला मंडप होता, ओट्यावरून आणलेली गोमाजींची हातांची खुर्ची होती, तपासणीला आलेले मोठे साहेब होते आणि पुढच्या रांगेत दवाखान्याचे डॉक्टर मान खाली घालून बसले होते. प्रभाकरराव निरोगी सवयींवर बोलत असताना गोमाजींनी धोतराच्या सोग्यातून बिडी काढली, पेटवली, एक झुरका मारला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकले.

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. भागाबाईंनी बायकांच्या बाजूने पदराआडून समाधानाचा सुस्कारा टाकला.

तेवढ्यात वासुदेवराव उठले.

“साहेब, मी इतके वर्स झाले हेच सांगून राह्यलो होतो,” ते म्हणाले. “पण माहं आयकते कोण? आज बाबानंच दाखवलं.”

टाळ्या पडल्या. तपासणीच्या साहेबांनी मंडपावर नजर फिरवली, मग खिशातून आपली सिगारेटची डबी काढून त्यांनीही एक पेटवली. प्रभाकररावांनी परिस्थिती ओळखली. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ‘धूम्रश्वसन’ ही सातवी सवय घालण्याचा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला. खोकल्याने छाती मोकळी होते, हे तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेच होते. योजनेच्या सबंध काळात गावाने सर्वांत झटपट आणि शंभर टक्के अंगीकारलेली सवय ती हीच. वासुदेवरावांच्या दुकानातला माल सभा सुरू असतानाच संपला.

गोमाजींनी बिडी खुर्चीच्या पायाशी विझवली. गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. हातांवर जोर देऊन उठले, थोडे डगमगले, आणि मंडपाच्या बाजूने बाहेर पडून वावराच्या वाटेला लागले. भागाबाई उठून मागोमाग गेल्या.

“कुठं चालले बाबा?” कोणीतरी विचारले.

“वावरात.”

“सभा सुरू हाये नं.”

“राहू द्या सुरू.”

मंडपातले दुसरे कोणी उठले नाही. आरोग्याचे भाषण अर्ध्यातून सोडून जाणे बरे दिसले नसते. पुढचे सत्कार हार घातलेल्या खुर्चीचे झाले, आणि ती कुरकुरत नसल्याने, चहाही मागत नसल्याने सर्वांची सोय झाली. ती अजून पदावर आहे.

गोमाजींचे गुडघे आता बरे आहेत म्हणतात. नक्की सांगता येत नाही, कारण ते पाहायला वावरापर्यंत चालत जावे लागते, आणि तितक्या लांब घरच्यांखेरीज अजून कोणी गेलेले नाही. म्हणूनच ही हकीकत छापावी लागली. आपली बसल्या बसल्या वाचून झालीच आहे. उठू नका. चहा येतोच आहे.