दोन डाव्या बाजू

दादांनी होडी विकायला काढली, हे मास्तरांना वहिनींकडून कळलं, आणि तेही एका गिऱ्हाइकाच्या कोटाची मापं घेत असताना. मास्तर म्हणजे शिंपी. सहा दिवस मशीनवर वाकायचं आणि सुट्टीच्या दिवशी थोरल्या भावाबरोबर शिडाची होडी पाण्यात घालायची, एवढंच त्यांचं आयुष्य. बायको नाही, मूल नाही. जमिनीवर हे दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलत नसत, पण धक्का मागे पडला की दोघांच्या जिभा सुटायच्या. मग एक दिवस दादा डेकवर घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड कधीच सांधलं होतं, पण दादा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायला तयार नव्हते.

"डॉक्टर म्हणतात चाला, हे म्हणतात कशाला," वहिनी म्हणाल्या. "रविवारी एक माणूस होडी बघायला येतोय. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं."

मास्तरांनी कोटाचं माप चुकीचं लिहिलं आणि संध्याकाळी दादांसमोर जाऊन बसले.

"विकू नकोस रे."

"ठेवून काय करू? डेकवरचं खरखरीत रबर झिजून साबणासारखं झालंय. मी नाही तिथे पाय ठेवणार."

"आणि नवीन बसवलं तर?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिले. "बसव. तुला कोण अडवतंय."

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं.

जुनं रबर गरम हवेच्या यंत्राने मऊ करायचं की ते सालीसारखं निघतं, असं रबर विकणाऱ्याने सांगितलं होतं. विकणाऱ्याचं काय जातं सांगायला? रबर निघालं ते नखाएवढ्या तुकड्यांनी, आणि खालचा वाळलेला गोंद तर अजिबात हलेना. मास्तर गुडघे टेकून पटाशीने खरवडत राहिले. आभाळ भरलेलं, वारा बोचरा, धक्क्यावर चिटपाखरू नाही. संध्याकाळी राखणदार येऊन उभा राहिला.

"मास्तर, होडी विकणार म्हणे."

"बघू."

"मग दुसऱ्याच्या होडीसाठी कशाला एवढी हाडं झिजवताय?"

मास्तरांनी पटाशी पुसून पिशवीत टाकली. पाठीत भरलेली कळ घेऊन ते घरी गेले आणि न जेवताच झोपले.

डेक साफ झाल्यावर मात्र त्यांना हुरूप आला, कारण आता कापायचं काम होतं आणि कापण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. डाव्या बाजूचा कागदी नमुना त्यांनी काढला. होडीच्या दोन्ही बाजू सारख्याच, मग दोन नमुने कशाला? शिंपी बाह्या कापतो तो कापडाची दुहेरी घडी घालून. घडीत एक पदर सुलट आणि एक उलट पडतो, त्यामुळे एका कात्रीत डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या निघतात. जन्मभर मास्तरांनी असंच कापलेलं. पण या जाड रबराची घडी होईना. म्हणून त्यांनी दोन तुकडे एकावर एक ठेवले, दोन्ही खरखरीत अंगाने वर, आणि सुरी चालवली.

डावी बाजू बसली ती अशी, की मास्तर दोन पावलं मागे सरून नुसते बघत राहिले. कडेला दोराही शिरला नसता. इतकी साफ कड त्यांनी नवरदेवाच्या कोटालाही दिली नव्हती.

मग उजवीकडे डेकवर गोंद, रबराच्या मागे गोंद. तो सुकू दिला, तुकडा उचलून जागेवर धरला आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. होडीचा बाक एकीकडे, रबराचा बाक दुसरीकडे. त्यांच्या हातात दुसरी डावी बाजू होती.

रबर संपलं होतं आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. मास्तरांनी तुकडा उलटा करून पाहिला, तर तो अगदी चपखल बसत होता. फक्त खरखरीत अंग खाली आणि गुळगुळीत वर. त्यांनी खरखरीत अंगाला गोंद फासला आणि डोळे मिटून तो चिकटवून टाकला. वरच्या अंगाला आधीचा गोंद होताच. त्यावर पाय ठेवला तर चप्पल चिकटून राहिली.

"घसरत तर नाही ना? मग झालं," मास्तर स्वतःशी म्हणाले. त्यांना ते खरंही वाटलं.

रात्रीत गोंद कडक वाळला आणि पहाटे त्यावर दव पडलं. होडी बघायला येणारा माणूस वेळेवर आला, नेमका उजवीकडून चढला आणि तिसऱ्या पावलाला घसरला तो थेट शिडाच्या खांबाशी जाऊन थांबला. त्याला काही लागलं नाही. त्याला उठवायला धावले मास्तर, आणि घोटा मोडला तो मास्तरांचा.

करायला गेलो एक, असं कण्हत मास्तर वहिनींच्या घरी आले, कारण स्वतःच्या घरी त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. पाय वर ठेवून बसता येईल अशी खुर्ची एकच होती.

"उठा," वहिनी दादांना म्हणाल्या. "तुमचं हाड जुनं झालं, यांचं ताजं आहे."

दादांनी बरीच कुरकुर केली, पण उठले. आता त्यांना घरात बसायला मनासारखी जागा उरली नाही. ते काठी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरले, मग अंगणात, मग फाटकापर्यंत. मास्तर त्यांच्या खुर्चीत बसून तीच खिडकी बघू लागले. तिच्यातून समोरच्या घराची भिंत दिसायची, बाकी काही नाही. दादांनी इतके महिने काय पाहिलं, ते मास्तरांना दोन दिवसांतच कळलं आणि त्यांचा जीव गलबलला.

एक दिवस दादा सकाळी गेले ते दिवे लागल्यावर परतले. बोटांना गोंद लागलेला, गुडघे मळलेले.

"कुठे होतास?" मास्तरांनी विचारलं.

"तू काय उजेड पाडलायस ते बघायला गेलो होतो. उजवी बाजू खरवडून काढली. नवीन रबर आणलंय, आता ते कापतोय."

"नमुना उलटा करून ठेव मग."

"हे तू सांगतोयस मला?"

वहिनी आतून म्हणाल्या, "तो होडीवाला माणूस फोन करत होता. पडला तरी होडी मनात भरलीय म्हणे. कधी येऊ विचारतोय."

दादा बोटांचा गोंद सोलू लागले. "सांग त्याला, डेक अजून व्हायचाय."

"उजवी तर उद्या-परवा होईलच की," मास्तर म्हणाले.

"हो, पण डावी काढावी लागणार. कड वाकडी आलीय तिची."

मास्तरांनी तोंड उघडलं. ती कड सरळ आहे अशी त्यांनी कुठल्याही न्यायाधीशासमोर शपथ घेतली असती. दादा मान खाली घालून गोंदच सोलत होते.

"आलीय खरी," मास्तर म्हणाले. "चांगलीच वाकडी आलीय."