आढ्यावरचं पाणी

इंगोले सर नवीन माणसाला त्याचं नाव विचारत नसत. गाव नाही, जात नाही, बाप काय करतो हेही नाही. ते विचारत, "तुमच्या घरचं पानी कुठी जाते?" समोरचा बिचारा म्हणे, "नालीत." "नालीतून?" "नाल्यात." "मंग नाल्यातून?" इथवर आलं की माणूस घाम पुसायला लागे. पण नदीचं नाव तोंडातून निघेपर्यंत सुटका नसे. न्हावी, पोस्टमन, कॉलेजची तपासणी करायला आलेले मोठे साहेब, सगळ्यांची या प्रश्नानं भंबेरी उडालेली. साहेबांना तर स्वतःच्या बंगल्याचं पाणी कुठं जातं याचा पत्ताच नव्हता. सरांनी त्यांना चहा पाजला, पण ते जाईपर्यंत त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात होते आणि सर आम्हाला प्राकृतिक भूगोल शिकवत. महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्गातला भिंतीवरचा नकाशा मात्र अजून मध्यप्रदेशातच होता. मधल्या काळात आम्ही मुंबई राज्यातही राहून आलो होतो, तेही घर न सोडता. सरांनी तो नकाशा तोंड भिंतीकडे करून टांगला होता. "राज्याचं ज्याचं त्याले ईचारा," ते म्हणत. "माह्या विषयात डोंगर जागचा हालत नाई."

शिकवायला सुरुवात करत ती मोठ्या शुद्ध भाषेत. "जलविभाजक म्हणजे दोन नदीखोऱ्यांना विभागणारी उंच भूमीची रेषा." हे वाक्य पूर्ण होईतो अंगात काहीतरी शिरायचं, आणि दुसरं वाक्य येई, "म्हंजे पाहा बाप्पा, इकडलं पानी इकडे, तिकडलं तिकडे, आन मधात आढं!" मग दोन्ही हात डोक्यावर जोडून ते स्वतःच आढं व्हायचे, म्हणजे घराच्या छपराचा तो मधला उंच कणा. खडूची पूड खांद्यांवरून दोन्हीकडे सारखी सांडायची.

"उतार पाहा, उतार!" हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पत्रावळीचा उतार आधी पाहत. कढी वरणात मिसळू नये म्हणून मधोमध भाताचा डोंगर रचत आणि शेजारच्याला तो समजावून सांगत. शेजारच्याचं जेवण अर्धं राही. वाढपी तर त्यांच्या रांगेत यायलाच कुरकुरत.

हजेरी घ्यायची त्यांची तऱ्हाही अशीच. मुलाचं नाव नाही, नदी. "पूस!" म्हटलं की उमरखेडकडचा राठोड उभा राही. "बेंबळा!" म्हटलं की बाभुळगावची सुमन. एकाच नदीचे चौघे असले तर चौघे एकदम "हजर" ओरडत आणि त्यात गैरहजर पोरंही खपून जात. वर्ग एकूण खुशीत होता.

नदी नव्हती ती फक्त मला. माझ्यापाशी आलं की सर खिडकीबाहेर पाहत आणि कोरडेपणानं म्हणत, "एकोणीस." मी म्हणे, "हजर." पुढच्या श्वासात ते परत अडाण नदीवर.

कारण सांगते. इंगोले सर माझे सख्खे काका. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे इंगोले पावलोपावली भेटतात, त्यामुळे संशयही आला नाही. मी फ्रॉकात होते तेव्हापासून बाबांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. दारव्हा रस्त्यावरच्या आमच्या गावात आमचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर आहे. वाटणीत पुढची बाजू बाबांना आली, मागची काकांना. पुढं काकांनी आपल्या बाजूची कवेलू बदलली, तेव्हा गवंड्यानं आढं हातभर मागं सरकवलं. बाबा म्हणाले, तुझं पाणी माझ्या अंगणात येतं. काका म्हणाले, येत नाही, उतार पाहा. एवढंच भांडण! पण दोघंही इंगोले. काकांनी आपल्या भागाला कुलूप ठोकलं, यवतमाळला खोली घेतली आणि एकटेच राहिले. लग्नही केलं नाही. आणि मी कॉलेजात निघाले तेव्हा बाबांनी एकच बजावलं, "भूगोल सोडून काईबी घे." मी अर्थातच भूगोल घेतला.

तर आमचा पहिला गृहपाठ होता, आपल्या घराच्या छपरावर पडलेल्या पाण्याचा समुद्रापर्यंतचा प्रवास. त्याला प्रात्यक्षिकाचे गुण होते, आणि त्या गुणांशिवाय वार्षिक परीक्षेला बसू देत नसत. राठोडनं कुठल्याशा पुण्याच्या गाइडातून उतरवून काढलं की त्याच्या तांड्याचं पाणी अरबी समुद्राला मिळतं. सरांनी ते भर वर्गात वाचलं, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "राठोड, उमरखेडचं पानी सह्याद्री चढलं कोन्त्या वाटेनं? मधात कुठी बसलं का दम खायाले?" राठोड म्हणाला, "सर, गाइडमंदी तसंच हाये." "मंग गाइड घेऊन तांड्यावर चाल. त्याले चढू दे डोंगर."

आणि सर खरोखर तांड्यावर गेले. नुसतं लिहिलेलं त्यांना चालत नसे. प्रत्येक वहीवर लाल शाईत "प्रत्यक्ष पाहणी आवश्यक" असं लिहून ते रविवारच्या मोटारीनं पोराच्या घरी जात. सोबत छत्री आणि पितळेची लोटी. लोटीभर पाणी आढ्यावर ओतायचं आणि ते जाईल तिकडे मागोमाग चालत सुटायचं.

सुमनच्या घरी तर गंमतच झाली. एकटा, नोकरीचा, स्वच्छ धोतरातला प्राध्यापक बाभुळगावात घर विचारत आला म्हटल्यावर तिच्या आईनं काय समजायचं ते समजलं. पोहे झाले, सुमनच्या मोठ्या बहिणीला पातळ नेसवून समोर बसवलं. तिचे मामा अदबीनं म्हणाले, "पाहा, काय पाहाचं ते." सर अंगणाकडे डोळे लावून म्हणाले, "उतार पाहून राह्यलो." मग मुलीकडे वळून गंभीरपणे विचारलं, "तुमच्या घरचं पानी कुठी जाते?" ती लाजून म्हणाली, "मोरीतून नालीत." सर खूश झाले, "एकदम बरोबर!" म्हणाले, पोहे संपवले आणि नालीच्या काठाकाठानं निघून गेले. त्या घरात पुढं कितीतरी दिवस पसंतीच्या निरोपाची वाट पाहत होते. सुमन वर्गात माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही, जशी काही सरांना मीच पाठवलं होतं.

एकेक घर होत गेलं. पोळा होऊन गेला, कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या धरल्या. पूस झाली, वाघाडी झाली, सगळे अडाणवाले झाले. राहिले मी. माझ्या वहीवर लाल शाईचा टिपकाही नव्हता. पाहणी नाही म्हणजे गुण नाहीत, गुण नाहीत म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे मी परत गावी, चुलीपुढं. शेवटी एक दिवस धीर केला आणि वर्गात उभी राहिले.

"सर, माझ्या घरची पाहणी?"

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे चढ आहे." आणि तास संपायच्या आधीच निघून गेले.

त्या शनिवारी मी गावी गेले आणि सगळं आईजवळ ओकून टाकलं. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "त्याईले पान्याचं याड कोनी लावलं, मालूम हाये का? तुह्या बाबानंच." मग तिनं सांगितलं, तिला सासूकडून कळलेलं. काका लहान असताना श्रावणात बाबा पळसाच्या पानाचे दोन द्रोण करायचे. एक पुढच्या पागोळीखाली सोडायचा, एक मागच्या. आणि धाकट्या भावाला सांगायचे, हे दोन वाटांनी जातात आणि खूप दूर जाऊन परत भेटतात. एकदा काका ते कुठं भेटतात हे बघायला द्रोणामागं चालत गेले आणि हरवले. बाबांनी त्यांना शेजारच्या गावच्या नाल्यापाशी रडताना शोधलं आणि खांद्यावर बसवून घरी आणलं. "मोठा झाला का दाखवाले नेतो म्हने," आई म्हणाली. "राहूनच गेलं."

मला काकांचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. बाबांचा मात्र जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूनं खडखड ऐकू आली. कुणीतरी गंजलेल्या कुलपावर दगड घालत होतं. आई दचकली. "चोर असन."

बाबा अंगणात म्हशीपाशी दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "चोर असा खोकलत नाई. त्याचाच खोकला हाये."

थोड्या वेळानं आढ्याच्या पलीकडून काळी टोपी उगवली, मग चष्मा, मग लोटी धरलेला हात. छत्री पाठीमागं कॉलरला अडकवलेली. सर स्वतःच्या बाजूनं चढले होते आणि आमच्या बाजूला बोटही लावत नव्हते.

"रोल नंबर एकोणीस!" ते वरून ओरडले. "वही घ्या!"

बाबा म्हशीला म्हणाले, "त्या मानसाले सांग, तिकडले कवेलू इतक्या वर्सात कोनी फेरले नाईत. फुटतीन."

सर मला म्हणाले, "एकोणीस, तुमच्या वडिलांना सांगा, मी प्राध्यापक आहे. मला छप्पर समजतं."

म्हैस काहीच बोलली नाही. पण तेवढ्यात कडाड्कन आवाज झाला आणि प्राध्यापकांचा एक पाय गुडघ्यापर्यंत छपरात गेला. लोटी आमच्या उतारावरून गडगडत खाली आली आणि म्हशीच्या पाठीवर आदळली. म्हशीनं खुंटा उपटला, आईनं "अगं बाई" केलं, आणि मी पाहिलं तर बाबा अंगणात नव्हतेच. ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर होते. ज्या माणसाचे गुडघे जोंधळ्याचं पोतं उचलताना कुरकुरायचे, तो सरसर आढ्यावर चढला होता.

त्यांनी काकांना दंडाला धरून वर ओढलं. दोघं आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसले, दोन्हीकडे एकेक पाय टाकून, धापा टाकत. बाबांनी दंड सोडला नव्हता. काकांनी सोडवला नव्हता. मी लोटी भरली आणि शिडीवरून वर नेऊन दिली.

काकांनी मास्तरकी आवाज काढायचा प्रयत्न केला. आढ्यावर पाणी ओतलं. ते क्षणभर घुटमळलं आणि दोन्हीकडे सारखं ओघळलं. "लिहा, एकोणीस. दक्षिण उतार, नाला, अडाण, पैनगंगा. उत्तर उतार, नाला, बेंबळा, वर्धा."

"आन मंग?" बाबांनी विचारलं. म्हशीला नाही, काकांना.

"मंग काय?"

"मंग भेटतेत का नाई कुठी?"

काकांनी चष्मा काढला. पुसायला धोतराचा सोगा शोधत राहिले, तो सापडेना.

"भेटतेत, दादा," ते म्हणाले. "वणीच्या तिकडे. मी पाहून आलो."

"कधी?"

"नोकरी लागली, त्याच साली गेलतो. पयल्याच सुट्टीत."

"आन मले सांगतलं नाई?"

"कसा सांगू? तू बोलत कुठी होता?"

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, "चाल, उतर. इकडून उतर. तिकडले कवेलू फुटेल हायेत." काका आमच्या शिडीनं आमच्या अंगणात उतरले. आईनं पोहे आधीच टाकले होते.

सोमवारी हजेरी झाली. पूस, वाघाडी, अडाण. माझ्यापाशी येऊन सर थांबले. खिडकीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन्ही!" वर्ग हसला. मी इतक्या जोरात "हजर" म्हटलं की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

गुण मात्र मला निम्मेच मिळाले. पुतणी म्हणून कसलीही सवलत नाही. मी आधी दिलेल्या गृहपाठात फक्त आमच्या उताराचं पाणी लिहिलं होतं. खाली लाल शाईत शेरा होता, "अर्धंच घर लिहिलं. संगम राहिला."

तो संगम पाहायला दिवाळीच्या सुट्टीत दोघं भाऊ वणीकडे निघाले. गृहपाठ माझा, गुण माझे कापलेले, पण मला कुणी चलतेस का म्हणून विचारलंसुद्धा नाही. जाताना माझ्याकडून पळसाच्या पानाचे दोन द्रोण तेवढे करून घेतले, आणि ते चेंगरू नयेत म्हणून मोटारीत एकेक आपापल्या मांडीवर घेऊन बसले.