पुंजारामची पोटभर रजई

"घरात कापूस, घरात सुई, घरात माणूस! अन् रजई मातर दुकानातून? बिलकुल न्हाई!"

पुंजारामने अशी काही गर्जना केली, की खुराड्यातली कोंबडी अंडं द्यायचं विसरली!

कारणही तसंच होतं. त्याच्या लेकीचे, शीतलचे सासरे, वडीगोद्रीचे बद्रीनाथ, संक्रांत झाल्यावर दोन दिवस मुक्कामाला येणार होते. मागच्या हिवाळ्यात पुंजाराम त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी हायवेवरच्या दुकानातलं गुळगुळीत ब्लँकेट पांघरायला दिलं आणि वर म्हणाले, "पाव्हणं, आता कापसाच्या रजया कोण वापरतं? नुसतं ओझं!" जाफराबादच्या काळ्या रानात जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाला हे बोलणं जोड्यातल्या खड्यासारखं वर्षभर टोचत होतं. आपल्या हातच्या रजईला व्याह्यांच्याच तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचं, असा पुंजारामने पण केला होता.

गावच्या पिंजारी निजामोद्दीनभाईंनी कापूस पिंजून दिला. म्हणाले, "भाऊ, शिवून बी देतो. टाके आरपार जावं लागतात, मामुली काम न्हाई."

"ट्रॅक्टर चालवतो मी, निजामभाई! सुई काय चीज हाय?"

आता रजई कशी शिवतात? खोळीत कापूस सारखा पसरायचा आणि तो सरकू नये म्हणून वरून खालपर्यंत टाके घालायचे. पुंजारामने अंगणात सतरंजी अंथरली, तिच्यावर रजई मांडली आणि टाके घातले. इतके आरपार घातले, की रजई उचलायला गेला तर खालची सतरंजीही उठून आली!

त्याची बायको नंदाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अहो, सतरंजी शिवली की तुम्ही!"

"शिवली न्हाई, लावली! अस्तर हाय ते. डबल ऊब!"

आणि कडेची उरलेली सतरंजी कापून टाकून त्याने ते सिद्धही केलं.

इतक्यात शेजारच्या झुंबरबाई डोकावल्या. इथं आपल्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. गोधडी पुरी होत आली, की शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा बारीकसा तुकडा ठेवून शिवतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणे! झुंबरबाईंनी तेच विचारलं, "पुंजाराम, घास ठेवला का रं बाबा? तिला उपाशी ठेवू नको."

"नखाएवढा ठेवा हो," नंदाबाईने बजावलं.

"एवढी मोठी रजई नखाएवढ्या घासावर जगंल का? व्याह्यासाठी हाय ती!"

आणि बायकोची पाठ वळताच पुंजारामने संक्रांतीच्या गूळपोळ्यांचा डबा उघडला. चारही कोपऱ्यांत तूप चोपडलेली एकेक अख्खी गूळपोळी गेली. मग त्याला वाटलं, पोट तर मधोमध असतं! मधले चार टाके उसवून पाचवी तिथं गेली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आले, पोटभर जेवले आणि अंगणातल्या बाजेवर आडवे झाले. वारा गार होता. पुंजारामने रजई आणली, ती पहिलवानाने पहिलवान आपटावा तशी त्यांच्यावर टाकली!

"घ्या! आपल्या रानातला कापूस!"

आतून आवाज आला, "पाव्हणं, लई जड हाय हो."

"ऊब हाय ती! उबेला वजन असतंच."

मग रजई वळवळायला लागली. "पाव्हणं, कायतरी चावून राह्यलं!"

"नवी हाय! नवा जोडा चावत न्हाई का?"

"जोडा पायाला चावतो हो! ही तर सगळीकडं चावून राह्यली!"

पुंजारामने वाकून पाहिलं. बाजेच्या चारही पायांवरून मुंग्या वरात निघाल्यासारख्या चढत होत्या! तो काही बोलणार, तेवढ्यात वास लागलेल्या शेळीने एक कोपरा तोंडात धरला. समोरचा कोपरा गल्लीतल्या कुत्र्याने धरला. इकडून शेळी ओढतेय, तिकडून कुत्रं, आणि मधे व्याही!

"सोड! सोड की!" पुंजाराम दोघांवर एकदमच ओरडला. कुणीच सोडलं नाही. टर्र्रर्र!

रजई फाटली. कापूस अंगणभर उडाला. बद्रीनाथ उठून बसले, ते फुटलेल्या बोंडासारखे पांढरेशुभ्र! छातीला गूळपोळी चिकटलेली.

"अगं बाई!" नंदाबाई किंचाळली. "तरी म्हणलं, डबा हलका कसा झाला!"

पुंजारामची मान मात्र ताठच होती. "ते जाऊ द्या. पाव्हणं, उबेचं बोला! कशी हाय रजई?"

बद्रीनाथांनी पाठ खाजवली, पोट खाजवलं, कानातली मुंगी काढली. "खरं सांगू? आमचं ब्लँकेट गप पडून राहतं. ही बिलकुल जिती हाय!"

"ऐकलं का!" पुंजारामने नंदाबाईकडे पाहून मांडीवर थाप मारली. "घासाचं तेवढं चुकलं. पाव्हणं, रातच्याला दुसरी शिवतो! या बारीला पोळी न्हाई, मिरचीचा ठेचा भरतो. बघू कोणती मुंगी येती!"

बद्रीनाथ गडबडीने पायात चपला घालू लागले.

"विहीणबाई," त्यांनी हळूच विचारलं, "आत्ता लगेच एखादी जीप सुटती का हो?"