करवतीनं खाल्लेलं गणित

"गणित? अगं, माझ्या करवतीला विचार!" सुतार बायकोवर गरजला.

मुलीची सातवीची गणिताची फेरपरीक्षा उद्या सकाळी दहाला. नापास झाली की वर्ष बुडालं. मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही त्याच बाकावर. बायकोनं शिकवणीचं नाव काढलं, तसा हा पेटलाच. "तीस वर्षं मापं घेतोय मी! चार शाब्दिक उदाहरणांसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

दुपारी त्याच्या कारखान्यात, भुशाच्या ढिगाशेजारी वही उघडली.

"दहा फुटी फळीचे दोन-दोन फुटांचे तुकडे किती?" मुलीनं वाचलं. "पाच."

"चूक!"

"पुस्तकात पाचच आहे, बाबा."

"मग पुस्तक चूक! करवतीच्या दातांत लाकूड जातं, ते कोण भरून देणार? पुस्तक लिहिणाऱ्याचा आजा? थांब, दाखवतो!" त्यानं भिंतीला टेकवलेली फळी ओढली.

"बाबा, ती गिऱ्हाइकाच्या कपाटाची..."

"गेलं कपाट खड्ड्यात!"

घर्रर्र! चार काप, पाच तुकडे. पाचवा अर्धा इंच आखूड! सुतार असा फुलला, जणू गणिताला त्यानं भर चौकात आडवं केलं होतं!

आणि पोरगी सुटली.

"सहा मजूर भिंत आठ दिवसांत बांधतात, तर बारा मजूर? बाबा, बारा जण एका भिंतीशी मावतील? चौघं तर गप्पाच मारतील. दहा दिवस लिहू?"

"अगं, नाही..."

"एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. आधी दुसरा बंद करायला नको?"

संध्याकाळपर्यंत वीस उदाहरणं झाली, उत्तर एकाचंही नाही! दारात बायको उभी. "शिकवलंत ना? आता निस्तरा!"

"पोरी, ऐक," सुताराचा आवाज पार बसला होता. "पुस्तकातली करवत लाकूड खात नाही. पुस्तकातले मजूर गप्पा मारत नाहीत. डोकं बाजूला ठेव आणि नुसता भागाकार कर. एवढी एकच परीक्षा!"

"नक्की?"

"माझी शपथ!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेपर तिथल्या तिथे तपासायला घेतला. बाप वर्गाच्या दारात घामानं निथळत उभा. पासला चौदा हवेत. लाल पेन तेरावर येऊन थांबलं.

"बेचाळीस मुलं सहलीला, एका गाडीत दहा, तर गाड्या किती?" बाई कडाडल्या. "आणि तू लिहितेस चार पूर्णांक दोन दशांश? ती दोन दशांश गाडी चालवणार कोण गं? डोकं वापरायचं नाही?"

"काल वापरत होते, बाई. बाबांनीच बंद करायला लावलं."

बाईंनी दाराकडे पाहिलं. बापानं जमिनीकडे पाहिलं.

"बरं. आता वापर आणि सांग."

"पाच गाड्या. शेवटच्या गाडीत आठ जागा रिकाम्या."

पेन हललं. चौदा!

"मी म्हणतच होतो..." बाप छाती काढून आत आला.

"तुम्ही!" बाईंनी तेच पेन त्याच्यावर रोखलं. "पुढच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठेतरी गावाला जा!"