टाचणीची शोकसभा

डॉक्टरबाईंनी तो फोन उचलायलाच नको होता. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. त्यांची अक्कलदाढ निम्मी बाहेर आली होती आणि उरलेली निम्मी यायला राजी नव्हती. पण फोन वाजायचा थांबेना आणि पडद्यावर नाव दिसत होतं, 'भोंगा'. कॉलेजात असताना 'कुजबुज' नावाचं विद्यार्थ्यांचं पाक्षिक निघायचं, भोंगा त्याचा वार्ताहर. त्याला कळलेली बातमी छापायची गरजच पडत नसे, इतकी ती आधीच पसरलेली असे. डॉक्टरबाई त्या पाक्षिकाच्या संपादक होत्या. त्यांनी कोपरानं स्पीकर चालू केला.

"संपादक! 'कुजबुज'वाल्यांचा मेळावा रविवारी नक्की झाला बरं का. सगळे सापडले, फक्त टाचणी सापडत नाहीये. कुठे असते ती?"

"टाचणी ना? ती गेली," डॉक्टरबाई दाढेवर जोर लावत म्हणाल्या.

"काय? कधी?"

"झाली की बरीच वर्षं... आई गं!"

डॉक्टरबाईंचं हे 'आई गं' दाढ एकदम हातात आली म्हणून होतं. भोंग्याला तो हुंदका वाटला. "राहू दे, राहू दे, तुला त्रास नको," असं तो जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला. ती गाव सोडून गेली, एवढंच डॉक्टरबाईंना सांगायचं होतं. पण समोर रक्त थांबवायचं होतं, त्या नादात भोंगा आणि त्याचा फोन दोन्ही त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मोबाईल पाहिला. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर भोंग्यानं लिहिलं होतं, 'आपली टाचणी आपल्यात राहिली नाही. शब्द संपले.' खाली हात जोडलेल्यांची ही रांग लागली होती.

"अहो, टाचणी गेली हो!"

डॉक्टरबाईंचे यजमान गणिताचे शिक्षक. उत्तरपत्रिका बाजूला ठेवून ते म्हणाले, "ती हवामानवाली?"

तीच ती. प्राचार्यांच्या वार्षिक भाषणाचा वृत्तांत टाचणीनं हवामानाच्या अंदाजासारखा लिहिला होता. 'सकाळी उपदेशाच्या तुरळक सरी, दुपारनंतर शिस्तीचा गडगडाट, विद्यार्थ्यांनी शक्यतो दाराजवळ बसावे.' अंगानं काडी, पण लेखणी अशी की ज्याला टोचायची तोसुद्धा आधी हसायचा आणि मग 'आई आई' करायचा. ती पुढे मोठी लेखिका होणार, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. मग तिचं लग्न झालं, ते मोडलं, ती दूरच्या शहरात भावाकडे गेली, आणि सगळे आपापल्या संसारात तिला विसरले. डॉक्टरबाईसुद्धा.

त्यांनी ग्रुपवर विचारलं, 'झालं काय होतं तिला?' एकानं लिहिलं, 'दीर्घ आजार.' दुसरीनं लिहिलं, 'अगदी अचानक.'

"दोन्ही एकदम कसं असेल?" यजमानांनी शंका काढली.

"अहो, माणूस गेलंय आणि तुम्ही पडताळा कसला बघताय?"

त्या तशाच उठल्या आणि लिहायला बसल्या. कॉलेज सुटल्यापासून औषधांच्या चिठ्ठ्यांपलीकडे त्यांनी काही लिहिलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी लेखणी थांबेना. लेखाच्या शेवटी त्यांनी 'तुझी जिवलग मैत्रीण' असं लिहिलं आणि तो ग्रुपवर टाकला. लोक ढसाढसा रडले, निदान तसं त्यांनी कळवलं तरी. थोड्याच वेळात उपप्राचार्यांचा फोन आला. हा गृहस्थ 'कुजबुज'मध्ये व्यंगचित्रं काढायचा. उपप्राचार्य झाल्यापासून तो सगळ्यांना अहोजाहो करायला लागला होता.

"संपादक, डोळ्यांत पाणी आणलंत. आता रविवारी मेळावा नाही, शोकसभाच. मुख्य भाषण तुमचं. कॉलेजात तिच्या नावानं उत्कृष्ट लेखनाचं बक्षीसही ठेवतोय."

"हो, करते मी भाषण. पण कळलं कसं हे? कुणी सांगितलं भोंग्याला?"

"म्हणजे काय? तुम्हीच सांगितलंत की! भोंगा म्हणाला, फोनवर तुम्हाला रडू आवरत नव्हतं."

सकाळची अक्कलदाढ, भोंग्याचा फोन, 'ती गेली', डॉक्टरबाईंना सगळं लख्ख आठवलं. फोन ठेवून त्यांनी यजमानांकडे पाहिलं.

"अहो, मी तिला मारली."

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. "हे बघ, तर्कानं जाऊ. ती गेली, याला पुरावा तुझा. तुला पुरावा ग्रुपचा. ग्रुपला पुरावा पुन्हा तुझा. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. कदाचित असेल."

"आणि नसली तर?"

याचं उत्तर गणितात नव्हतं. एवढ्या वर्षांत खरंच काही झालं असेल तर? आपल्याला कळलं तरी असतं का? डॉक्टरबाईंनी कपाट उपसून टाचणीच्या भावाच्या घरचा जुना नंबर शोधला. फोन भावाच्या बायकोनं उचलला.

"वहिनी, मी ताईंची मैत्रीण बोलतेय. त्या... त्या आहेत का?"

"ताई होय? ताई गेल्या हो."

डॉक्टरबाईंनी टेबलाचा काठ घट्ट धरला. "क... कधी?"

"आत्ताच की. तुमचा फोन यायला आणि त्या जिना उतरायला एकच गाठ. चष्म्याची काडी तुटलीय, ती बसवायला गेल्यात. मोबाईल नंबर देऊ?"

यजमानांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो एका दमात संपवला आणि नंबर फिरवला.

"बोला," पलीकडून तोच टोकदार आवाज आला.

"टाचणी, मी संपादक. एक घोटाळा झालाय."

डॉक्टरबाईंनी सगळं सांगून टाकलं. मग टाचणी म्हणाली, "लेख पाठव." थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "'अत्यंत' फार वेळा आलंय. आणि जिवलग मैत्रीण? शेवटचा फोन कधी केला होतास गं मला?"

"मी आत्ता ग्रुपवर खुलासा टाकते," डॉक्टरबाई कशाबशा म्हणाल्या.

"अजिबात नाही! मी हल्ली मिक्सरची माहितीपत्रकं लिहिते. 'भांडे घट्ट बसवावे, झाकणावर हात ठेवावा.' तुझं लिखाण चांगलं आहे, असं कित्येक वर्षांत मला कुणी म्हणालेलं नाही. रविवारी तुम्ही सगळे म्हणणार आहात. ऐकू तर दे."

"अगं, पण मी चारचौघांत खोटं बोलू?"

"तू नुसती गप्प बस. मी येते."

रविवारपर्यंत डॉक्टरबाईंचा जीव टांगणीला लागला. एका बाईंच्या दुखऱ्या दाताऐवजी त्या शेजारचा चांगला दात कोरायला निघाल्या होत्या. बाई ओरडल्या म्हणून दात वाचला. यजमानांनी धीर दिला, "घाबरू नकोस. जगात माणूस मेल्याचं वाईट वाटतं, जिवंत निघाल्याचं नाही." पण डॉक्टरबाईंना तेवढी खात्री नव्हती. लोक रडून मोकळे झाले होते. आता त्यांचे अश्रू परत कसे करायचे?

कॉलेजचं सभागृह भरलं होतं. दारात भोंगा पाहुण्यांचं स्वागत करत होता. पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक किडकिडीत बाई पुढे जायला लागली, तशी त्यानं तिला अडवली.

"ताई, पुढच्या रांगा तिच्या जवळच्या माणसांसाठी आहेत. तुम्ही जरा मागे बसता का?"

"बसते की," टाचणी म्हणाली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. व्यासपीठावरून डॉक्टरबाईंनी हे पाहिलं आणि भाषणाच्या कागदात डोकं खुपसलं.

भाषणं सुरू झाली. एकेकाळी टाचणीच्या लिखाणातलं अक्षरही न कळणारे लोक तिची वाक्यं म्हणून दाखवायला लागले. हवामानाच्या वृत्तांताला टाळ्या पडल्या, तेव्हा मागच्या रांगेतली बाई चष्मा काढून पुसत होती. इथपर्यंत ठीक होतं. मग गाडी घसरली. एकजण म्हणाला, ती प्रत्येक लेख आधी मला दाखवायची. दुसरी म्हणाली, आमचं दर आठवड्याला बोलणं व्हायचं. भोंगा तर रडतच उभा राहिला. "जायच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, भोंग्या, माझ्या लिखाणामागे प्रेरणा तुझीच!"

डॉक्टरबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी लेख वाचायला घेतला. 'तुझी जिवलग मैत्रीण' या शब्दांपर्यंत आल्या आणि थांबल्या. गप्प बसायचं ठरलं होतं, पण बसवेना.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी तिची जिवलग असते, तर ती आहे की नाही हे मला असं शोधत बसावं लागलं नसतं. मला एवढंच म्हणायचं होतं की ती गाव सोडून गेली. ती आहे. शेवटच्या रांगेत बसलीय."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. टाचणी उठली.

"बसा, बसा. छान चाललंय तुमचं, मध्येच थांबू नका. फक्त भोंग्या, आदल्या दिवशी मी आणखी काय म्हणाले रे? माझ्या काही लक्षात नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सभागृहात एकच हशा उसळला. भोंगा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि शेवटी "टाचणे!" असं ओरडत सगळ्या खुर्च्या ओलांडून मागे धावला. या वेळी मात्र तो खरंच रडत होता. बक्षिसाचं काय करायचं, असं उपप्राचार्यांनी हळूच विचारलं, तेव्हा टाचणी म्हणाली, "ठेवा माझ्याच नावानं. पहिल्या वर्षी मीच घेईन."

निघताना तिनं डॉक्टरबाईंचा हात धरला. "'अत्यंत' सोडलं, तर तुझं इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं. लिहीत जा. आणि फोन कर, मी असतानाच."

प्रकरण निभावलं म्हणून डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला. पण दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. पहिला फोन उपप्राचार्यांचा. "सहजच विचारतो हं, गैरसमज नको. माझ्यावर लिहायची वेळ आलीच, तर काय लिहाल?" मग दर आठवड्याला बोलणारीचा आला. मग भोंग्याचा. "मी आज संध्याकाळी गेलो असं धर. पहिलं वाक्य काय असेल?"

डॉक्टरबाईंनी कुणालाच टाळलं नाही. भोंग्याला त्यांनी सांगितलं की त्याच्या आवाजामुळे कॉलेजात कुणालाच कधी एकटं वाटलं नाही. पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

फोन ठेवून त्या वळल्या. यजमान टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होते, पण लाल पेन मघापासून एकाच जागी थांबलं होतं.

"त्या भोंग्याबद्दलसुद्धा बरंच सुचलं म्हणायचं तुला," ते मान वर न करता म्हणाले.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "तुमच्याबद्दल सांगू?"

"छे, छे! आपल्याला कसलं काय," यजमान म्हणाले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फोटो काढून घ्यायला बसतात तसे ताठ बसले.