युसूफभाईंचा आडवा कॅमेरा

युसूफभाईंबद्दल मी आजवर अर्धंच सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, कोणाच्या सेवानिवृत्तीच्या जेवणात, बसची वाट पाहताना, 'मास्तर, तो आडव्या टीव्हीचा किस्सा सांगा ना' असं कोणी म्हटलं की मी सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. हसू ओसरायच्या आत मी दुसरा विषय काढायचो, कारण पुढे काय झालं हे कोणी विचारू नये अशी माझी धडपड असायची. बरीच वर्षं हे खपून गेलं. आता युसूफभाई नाहीत आणि माझ्याही तोंडात दाढा उरलेल्या नाहीत. तेव्हा पूर्ण सांगून टाकतो.

वडशाच्या बाजारात चांगला चालता-बोलता माणूस एकाएकी खांबासारखा थांबलेला दिसला, तर खुशाल समजावं की युसूफभाई कॅमेरा घेऊन जवळपास आहेत. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेचे फोटो, लग्नाचे फोटो, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, सगळ्या गावाचे चेहरे त्यांच्याच हातून गेलेले. आणि सगळ्या गावाला त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. "हालू नोका. दम धरा." हे इतकं अंगात मुरलेलं, की त्यांनी कॅमेरा नुसता पुसायला काढला तरी समोरचा श्वास रोखायचा. एकदा टपरीवर गणपत चहा ओतत होता आणि युसूफभाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला. गणपतने किटली तशीच वर धरून ठेवली. चहा कप भरून, बशी भरून माझ्या धोतरावर आला.

"गणप्या, अबे मी सेल बदलून राह्यलो," युसूफभाई म्हणाले.

"मंग आधी सांगाव ना भाऊ," गणपत ओठ न हलवता म्हणाला.

स्टुडिओत मागे एक पडदा होता. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडून त्यांनी तो करून घेतला होता. तळं, कमळं आणि एक हंस. हंसाची कोंबडी झाली होती, पण युसूफभाईंना त्याचं काही वाटत नसे. "लोक आपलं तोंड पाह्यतेत मास्तर, कोंबडी कोन पाह्यते?" आमच्या भागातल्या निम्म्या संसारांचे जोड-फोटो त्या कोंबडीच्या साक्षीनं निघाले आहेत. माझाही.

माझा आणि त्यांचा संबंध नाटकामुळे. मी शाळेत मास्तर, पण दिवाळी ते होळी एका नाटक कंपनीचं बुकिंग पाहायचो. आमच्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटक. वडशात कंपन्यांची ऑफिसं लागतात, गावोगावचे मंडळवाले येतात, दोन-चार ऑफिसं फिरतात आणि आपल्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवून जातात. आमच्या कंपनीच्या पोस्टरचे फोटो युसूफभाई काढत. त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, नाटकाचं भारी वेड. वडशात आमचा प्रयोग असला की त्या सतरंजी बगलेत मारून सगळ्यात आधी हजर. गाणं आवडलं तर तिथूनच सांगत, "मास्तरभाऊ, पुन्हा एकडाव होऊ द्या."

मग त्यांना लकवा मारला. डावं अंग गेलं. गावाला माहीत होतं, तसं मलाही माहीत होतं. भेटायला जाऊ-जाऊ म्हणत मी गेलो नाही. हंगाम होता.

त्याच सुमारास युसूफभाईंच्या भाच्यानं नागपूरहून डिजिटल कॅमेरा आणून दिला. रीळ नाही, धुणं नाही. युसूफभाई त्याला 'साबनाची वडी' म्हणायचे आणि कितीतरी दिवस त्यांनी त्याला हातही लावला नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. चेहरा असा, की मला वाटलं कोणी गेलं.

"मास्तर, हे तं हालते," ते म्हणाले.

"काय हालते?"

"फोटो."

कॅमेऱ्यावरच्या चकतीवर सिनेमाच्या यंत्राचं एक बारीक चित्र होतं. चकती तिथं फिरवली की फोटोऐवजी हलतं चित्र निघतं, हा शोध त्यांना लागला होता. त्यांनी मला शाळेची घंटा वाजताना दाखवली. म्हणजे शिपायानं हात उचललेला दिसला, आणि संपलं. आयुष्यभर बटण दाबून बोट उचलायची सवय. इथेही दाबलं, लगेच पुन्हा दाबलं. त्यांचे पहिले सगळे व्हिडिओ शिंकेएवढे आहेत.

मग कोणीतरी सांगितलं, एकदा दाबा, थांबा, संपल्यावर पुन्हा दाबा. यात त्यांची गणती चुकायची. सुरू केलं असं वाटायचं तेव्हा बंद व्हायचं आणि बंद केलं असं वाटायचं तेव्हा सुरू. खरेदी-विक्री संघाच्या अध्यक्षांचा सत्कार त्यांनी असाच घेतला. हार, शाल, भाषण, काही नाही. त्याऐवजी युसूफभाईंच्या चपला सभागृहातून निघून, धानाच्या गाड्या ओलांडून, चिखल चुकवत घरी पोचलेल्या दिसतात. मध्ये एक बकरी येते आणि तिला ते म्हणतात, "सरक वं माय."

सगळ्यात मोठी अडचण गावाची होती. युसूफभाई समोर आले की गाव हलायचं थांबायचं. त्यांनी आठवडी बाजाराचा व्हिडिओ घेतला, तर त्यात अख्खा बाजार दम धरून उभा. मासे विकणारी ढिवरीण तराजू धरून उभी, गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं. हलतंय काय, तर माशा. आणि मागून युसूफभाईंचा आवाज, "हाला ना बे, कोनी तं हाला."

आणि ते कॅमेरा आडवा धरत. म्हणजे त्यांच्या मते उभा. "मानूस उभा हाय तं कॅमेरा उभा नोको का?" फोटोला ते चालायचं, कागद फिरवून घ्यायचा. व्हिडिओत मात्र टीव्हीवर माणसं भिंतीला चिकटल्यासारखी आडवी दिसत. मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तरी बरेच व्हिडिओ आडवेच घेत राहिले. मला वाटलं, म्हातारपण.

त्या साली शेजारच्या कंपनीनं आपल्या नाटकाची सीडी करून ऑफिसात टीव्हीवर लावायला सुरुवात केली. मंडळवाले तिथेच रेंगाळू लागले. मी युसूफभाईंना म्हटलं, आपल्या तालमीचे तुकडे घ्या, पण सरळ घ्या. त्यांनी दुपारभर तालीम कॅमेऱ्यात घेतली. नवं नाटक होतं, त्यात नायिकेचं एक गाणं फार छान बसलं होतं. ते चालू असताना युसूफभाई पेटीवाल्याच्या अगदी मांडीशी जाऊन बसलेले मला आठवतात.

दोन दिवसांनी मुलचेऱ्याकडचे मंडळवाले आले. मोठी मंडई, चांगले लोक. मी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. युसूफभाईंनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. पहिलंच आलं ते गाणं. नायिका आडवी. डोकं उजवीकडे, पाय डावीकडे.

मंडळवाले गंभीरपणे पाहत होते. मग एक जण म्हणाला, "हे बाई झोपून काऊन गाऊन राह्यली?"

"बिमार असन," दुसरा म्हणाला.

"पेटीवालाही बिमार हाय का?"

त्यांच्यातला एक तरुण उठला. "थांबा, टीवीच आडवा करू." दोघांनी टीव्ही उचलून कुशीवर ठेवला. नायिका आता उभी झाली, पण उलटी, डोकं खाली. त्यांनी दुसऱ्या कुशीवर ठेवला, तेव्हा ती सुलटी झाली आणि टीव्ही टेबलावरून घसरू लागला. तिघांनी तो मिठी मारून धरला. नायिका त्यांच्या काखेतून गात राहिली. सगळं ऑफिस हसत होतं. एवढाच किस्सा मी सांगत असे.

पुढे असं झालं. हसून झाल्यावर ते लोक उठले आणि शेजारच्या कंपनीत गेले. दारातून एक जण म्हणाला, "मास्तर, तुमचं नाटक उभं झालं का सांगजा." आमचा मालक माझ्याकडे पाहत होता, नटमंडळी पाहत होती. राग आला की मी शाळेतली मराठी बोलतो.

"युसूफभाई, हे सगळं आत्ताच्या आत्ता पुसा. आमच्या कंपनीचं हसं बाहेर जायला नको."

ते वायर गुंडाळत होते. थांबले. "एक राहू द्या ना मास्तर. ते गान्यावालं."

"कशाला?"

त्यांनी मालकाकडे पाहिलं, नटांकडे पाहिलं. "असंच," म्हणाले.

"पुसा. आणि यापुढे कॅमेरा घेऊन आमच्या मंडपात यायचं नाही. तुम्हाला आता जमत नाही."

त्यांनी माझ्यासमोर, अंगठ्यानं, एक-एक तुकडा पुसला. गाणं शेवटी पुसलं. मग "येतो मास्तर" म्हणून गेले. पोस्टरचं काम मी चंद्रपूरच्या एका पोराला दिलं.

संक्रांतीनंतर मालकाला जुन्या नाटकाचे फोटो हवे झाले, म्हणून मला स्टुडिओत जावं लागलं. पुढे कोणी नव्हतं. घर मागेच. मी हाक मारत पडद्याच्या बाजूनं आत डोकावलो.

जुबेदाभाभी खाटेवर उजव्या कुशीवर निजल्या होत्या. समोर स्टुलावर टीव्ही. टीव्हीवर वडशाचा बाजार, आडवा. युसूफभाई त्यांच्या उशाशी बसून भाकर कुस्करून देत होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी मान कलती केली. बाजार सरळ उभा राहिला. भाभींना तो तसाच दिसत होता.

"या भाऊ, बसा," भाभी म्हणाल्या. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. "पाहा ना, हे मले बसल्या जागी गाव फिरवते. चपलाचा पाह्यला का तुमी? तो बेस हाय. घरापावतर आल्यासारखं वाटते."

मी हो म्हटलं.

"तुमचं नवं नाटक काऊन नाही आनत हे? मी कधीची म्हनून राह्यली. गानं चांगलं हाय म्हनते त्यात."

मी युसूफभाईंकडे पाहिलं. ते भाकरीतून डोकं वर न काढता म्हणाले, "तुले सांगितलं ना, यांची कंपनी यंदा तिकडं मुलचेऱ्याकडंच फिरून राह्यली. वडश्यात आले का आनतो. नाही का मास्तर?"

"हो ना," मी म्हणालो. "वडश्यात आलो का."

मी त्यांना काढून टाकलं, हे त्यांनी बायकोला सांगितलंच नव्हतं.

फोटो शोधून देऊन ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. आवाजात तक्रार नव्हती. "बाकीचे तुकडे सरळच घेतले होते मास्तर. तेवढं गानं तिच्यासाठी होतं. मलेच पह्यले सरळवाले लावाचं सुचलं नाही." मग म्हणाले, "लोकाइसमोर तिचं कसं सांगाव? तिले आवडलं नसतं."

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, उद्या दुपारी तालीम आहे, कॅमेरा घेऊन या. पण मग मालकाला कारण सांगावं लागलं असतं. ज्या नटांसमोर मी त्यांना हाकललं, त्यांच्यासमोर हात धरून आत आणावं लागलं असतं. मी विचार केला, होळीच्या आत कधीतरी पाहू. मान हलवली आणि सायकलवर बसलो. त्या हंगामात आमचे वडशातच तीन प्रयोग झाले. स्टुडिओपर्यंत मंडपाचे भोंगे ऐकू येतात. भाभींनी ते ऐकले असणार, आणि युसूफभाईंनी त्यावर काय सांगितलं असेल, हा विचार मी आजही फार पुढे नेत नाही.

उन्हाळ्यात भाभी गेल्या. मी मातीला गेलो, चार माणसं बोलतात तेच बोललो. पुढे युसूफभाई स्टुडिओ बंद करून लेकीकडे बल्लारशाला राहायला गेले. एकदा मी मुद्दाम पॅसेंजरनं तिथं गेलो. गाडीत सगळं मनाशी जुळवलं होतं. त्यांना मला पाहून इतका आनंद झाला, की त्यांनी लेकीला शेजारून खुर्ची आणायला लावली, मच्छी करायला लावली. आम्ही गणपतबद्दल बोललो, धानाबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. नाटकाचा विषय त्यांनीही काढला नाही. स्टेशनवर सोडायला आले, खिडकीशी उभे राहिले. गाडी बराच वेळ सुटली नाही. माझ्याकडे वेळ भरपूर होता. शेवटी मी म्हणालो, "तब्येतीले जपा." ते म्हणाले, "तुमीही."

दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचं कळलं.

त्या खिडकीतून सांगायचं होतं ते हे: युसूफभाई, भाभीले पाह्याचं होतं ते गानं मी पुसाले लावलं. तवा मले मालूम नव्हतं. पन मालूम झाल्यावरही मी तुमाले बोलावलं नाही, ते मी जानून केलं. मले माफ करा.