साखरेला सक्त मनाई

"साखरेच्या पाण्यात औषध? माझ्या देखत? शक्यच नाही!" असं ती छातीठोकपणे सांगायची. हॉस्पिटलात सगळे तिला फार्मासिस्टबाई म्हणत. फिट आल्यावर द्यायचं इंजेक्शन साखरेच्या सलाईनमध्ये पडलं, की त्याचे बारीक खडे होतात. म्हणून तिने वॉर्डात लाल अक्षरांत पाटीच लावली होती: 'साखरेला सक्त मनाई!' तिला येताना पाहिलं, की नर्सेस आपले चहाचे कप टेबलाखाली लपवत.

त्या दिवशी ती ड्यूटीवरून घरी आली. तीन वर्षांची लेक सकाळपासून तापाने फणफणली होती. औषध दोनदा दिलं होतं आणि दोन्ही वेळा ते बाबाच्या शर्टावर परत आलं होतं. आता सासूबाई वाटीत चमचा ढवळत होत्या. लेकीने तोंडाचा आ केला होता.

"थांबा!" ती बंदुकीच्या गोळीसारखी धावली. वाटी हिसकावली. निम्मं औषध ओट्यावर, निम्मं तिच्या साडीवर! लेकीने भोकाड पसरलं.

"आई, यात काय घातलंत?"

"औषध आणि चमचाभर साखरेचं पाणी. गिळेल तरी पोर."

"अहो, रासायनिक क्रिया होते! खडे होतात, खडे!"

सासूबाईंनी चष्मा लावून वाटीचा तळ न्याहाळला. "कुठे आहेत?"

"दिसत नाहीत ते तर जास्त घातक!"

नवरा घाबरला. "आता काय करायचं गं?"

"डॉक्टरांना फोन लाव. स्पीकरवर ठेव. सगळ्यांना ऐकू दे!"

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तुमचा नियम शिरेतून द्यायच्या त्या इंजेक्शनचा. हे तापाचं, तोंडाने घ्यायचं औषध. जरा बाटलीवर काय काय लिहिलंय ते वाचा बघू."

तिने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर आवाज बसला.

"मोठ्याने वाच ना," नवरा म्हणाला.

"...साखरेचा पाक."

सासूबाईंनी चष्मा काढून सुनेकडे पाहिलं. लेकही रडायची थांबून बघू लागली.

"ते राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "पोरीच्या पोटात औषध गेलं का?"

कुठलं जातंय! ते तिच्या निऱ्यांवरून ओघळत होतं. वॉर्डभर औषधं पोचवणाऱ्या बाईने घरातलं एवढंसं औषध अडवलं होतं! तिने मान खाली घालूनच नवा डोस मोजला.

"आई... ते तेवढं... साखरेचं पाणी..."

"का गं? मनाई आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा चमचा आधीच साखरेच्या डब्यात गेला होता.

लेकीने वाटी चाटूनपुसून रिकामी केली. मग आपला कढत हात आईच्या गालावर ठेवला, पण त्याहून कढत आईचाच गाल होता.

"आई," ती लाडात म्हणाली, "अजून खडे दे ना!"